पंधरा हजारांत एअर रायफल: काय बघून घ्यावी

तुम्ही विचारलंय की बजेट पंधरा हजार आहे, शेतावर ससे-तितर मारता यावेत आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात टारगेटवर सरावही व्हावा, अशी एकच दणकट एअर रायफल कोणती. शिवाय पॉइंट बावीस, म्हणजे ०.२२ इंच नळीची घ्यावी का, असंही. मी पंचवीस वर्षं एअर रायफल चालवतोय, त्यातली गेली दहा-बारा मुलांना शिकवण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सशाचं. ते मनातून काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. ससा, तितर, लावा हे सगळे त्यात येतात. जमीन तुमच्या नावावर असली म्हणून तुमच्या बांधावरचा ससा तुमचा होत नाही. कायद्याच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, तर जखमी करणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, बंदूक आणि गाडी जप्त होते ते वेगळंच. रानडुकरं पिकात शिरत असतील तर पंचनामा करून वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करा. एअर रायफलने डुक्कर मरत नाही, फक्त बिथरतं.

कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं, आणि त्याला कारण आहे. आठवीत असताना मामांच्या गावी त्यांची जुनी मॉडेल ३५ एअर रायफल घेऊन मी बाभळीवरच्या होल्यावर नेम धरला होता. छर्रा लागला, पिसं उडाली, पण होला उडून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या थारोळ्याजवळ तो सापडला. एक पंख लोंबत होता, जखमेला मुंग्या लागलेल्या आणि डोळे उघडे. तो रात्रभर जिवंत होता. चार-साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा तुकडा हेच करतो. नेमका मेंदूत बसला तरच जीव पटकन जातो, नाहीतर जनावर तडफडत झुडपात जाऊन मरतं. पुढे अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून गावोगावच्या लोकांनी एअरगन सरकारकडे स्वतःहून जमा केल्याचं वाचलं, तेव्हा मला ती विहीर आठवली.

तुम्ही ज्या व्हिडिओंवरून मॉडेलं निवडलीत ते बहुतेक ब्रिटनचे किंवा अमेरिकेचे असणार. ब्रिटनमध्ये शेताच्या मालकाची परवानगी घेऊन सशाची शिकार कायदेशीरपणे करता येते, त्यामुळे तिथला माणूस ‘किती मीटरवरून ससा पडतो’ या मापानेच रायफल तोलतो. आपलं माप वेगळं. तुमच्या प्रश्नाचा टारगेटचा अर्धा भागच आपल्याकडे खरा आहे, आणि तो एवढा मोठा आहे की माझी अख्खी उमर त्यात गेली.

आता पॉइंट बावीस. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ज्या एअर रायफलच्या नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हनपेक्षा (०.१७७ इंच) मोठा आहे, किंवा जिची ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त आहे, तिला परवाना लागतो. दोन्हींपैकी एक जरी ओलांडलं तरी लागतो. म्हणजे पॉइंट बावीसला परवाना हवाच. पॉइंट वन सेव्हन सेव्हन आणि २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद ठेवतो, आणि ते योग्यच आहे. बिल जपून ठेवा. त्यावर कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास, स्पष्ट लिहून घ्या.

इथेच एक हिशेब करा, म्हणजे जाहिरातीतल्या वेगाची भूल उतरेल. ताकद म्हणजे छर्ऱ्याच्या वजनाच्या (किलोत) अर्ध्याला वेगाच्या (सेकंदाला मीटर) वर्गाने गुणायचं. टारगेटचा नेहमीचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा असतो. त्याला २० ज्यूल द्यायला सेकंदाला साधारण २७५ मीटर वेग लागतो, म्हणजे नऊशे फूट. मग खोक्यावर ‘१००० फूट’ छापलेलं असतं ते कुठून आलं? बहुतेक वेळा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यावर मोजलेलं असतं, जो तुम्ही कधी वापरणार नाही. साध्या शिशाच्या छर्ऱ्याने खरंच हजार फूट येत असतील तर ती रायफल २० ज्यूलच्या वर गेली आणि बिनपरवान्याची राहिली नाही. ऑलिंपिकची १० मीटर रायफल सेकंदाला १७०-१७५ मीटरने छर्रा टाकते, म्हणजे जेमतेम आठ ज्यूल. तेवढ्यात अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम साधता येतो. अंगणात याहून जास्त ताकदीचं काय करणार?

पंधरा हजारांत तुम्हाला स्प्रिंग पिस्टनची ब्रेक बॅरल मिळेल: नळी मोडून खाली ओढायची, स्प्रिंग दाबली जाते, छर्रा भरायचा, नळी बंद. देशी बनावटीत ठाण्याच्या प्रेसिहोलची मॉडेलं बघा, इतर देशी कंपन्यांचीही बघा. मी एकाच नावावर बोट ठेवत नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांमध्येही फरक निघतो. पीसीपी, म्हणजे दोनशे बार दाबाच्या हवेच्या टाकीवर चालणारी, धक्का न देणारी आणि नेमाला सोपी असते. पण तिला हातपंप किंवा सिलिंडर लागतो, आणि पंधरा हजारांत तो संसार मांडता येत नाही.

स्प्रिंगची बंदूक शिकायला कडक मास्तर आहे. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, बंदूक मागे येते, पिस्टन आदळला की पुढे ढकलली जाते, आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच. म्हणून तिला मुठीत आवळायचं नसतं. डाव्या हाताच्या उघड्या तळव्यावर नुसती टेकवायची आणि दर वेळी त्याच जागी टेकवायची. मुलं हटकून विचारतात, ‘सर, भिंतीवर टेकवून मारली तर?’ कडक टेकूवर ठेवली की छर्रा भलतीकडे जातो. टेकू हवाच असेल तर खाली जाडजूड गोधडीची घडी घाला.

दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट: बंदूक खांद्याला लावा, डोळे मिटा, मान न वाकवता गाल दस्त्यावर टेकवा, आणि डोळे उघडा. माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) आणि मागची खाच आपसूक एका रेषेत दिसायला हवीत. मान वाकवावी लागली तर तो दस्ता तुमचा नाही. मागच्या वर्षी एक काका मुलीला घेऊन आमच्या क्लबवर आले होते, नववीतली, अंगाने बारीक. त्यांनी आधीच एक ‘पॉवरफुल’ बंदूक घेतली होती. मुलीला ती कॉक होईना. दोन्ही हातांनी, गुडघ्याला टेकवून, दात-ओठ खाऊन ती नळी ओढत होती, आणि पाचव्या छर्ऱ्यापर्यंत तिचे दंड थरथरायला लागले. मग नेम कुठून लागणार? क्लबची हलकी बंदूक हातात दिली तेव्हा त्याच मुलीने दहा मीटरवर पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले. बापाने काहीच म्हटलं नाही, पण पुढच्या रविवारी ती बंदूक विकून आले. चाळीस छर्रे सलग मारून हात जड होणार नाहीत इतकीच ओढ निवडा.

दुसरी गोष्ट ट्रिगर. हलका हवा असं नाही, पण दर वेळी एकाच जागी सुटायला हवा. दुकानदाराला छर्रा भरून दाखवायला सांगा. रिकामी बंदूक कॉक करून चाप ओढू नका, हवेची उशी नसल्याने पिस्टन थेट आदळतो आणि सील-स्प्रिंगचं नुकसान होतं.

तिसरी गोष्ट साइट, म्हणजे नेम धरायची सोय. तुम्हाला दुर्बीण हवी असं लिहिलंय. माझा सल्ला, पहिले सहा महिने माशी आणि खाच यावरच शिका. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट (माशी-खाच) आणि पीप साइट (बारीक भोकातून बघायची) असे वेगळे गट असतात, तेव्हा ते शिकणं वाया जात नाही. स्वस्तातली दुर्बीण बहुधा पन्नास-शंभर मीटरसाठी जुळवलेली असते, दहा मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा इकडेतिकडे हलला की नेम सरकतो. वरून स्प्रिंगच्या दुहेरी धक्क्याने तिच्या काचा ढिल्या होतात.

आता छर्रे, ज्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. टारगेटला चपट्या डोक्याचे घ्या, कागदात गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजता येतात. टोकदार छर्रे दिसायला धारदार, पण नेमाला सर्वांत बेभरवशाचे. तीन-चार प्रकारचे एकेक डबे घ्या: एक देशी, एक-दोन परदेशी, स्पर्धेत वापरतात ते. प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे वेगळ्या कागदावर, एकाच बैठकीत, त्याच टेकूवर मारा. मग कागद शेजारी शेजारी ठेवा. माझ्या एका बंदुकीत स्वस्त डब्याने अंगठ्याएवढा विस्कळीत ग्रुप (भोकांचा पुंजका) दिला आणि डोक्याचा व्यास ४.५० मिलिमीटर असलेल्या छर्ऱ्यांनी पाच भोकांचं एकच फाटकं भोक केलं. बंदूक तीच, हात तोच. पण नवी बंदूक पहिले दोन-तीनशे छर्रे बसायला घेते, तोवर ही परीक्षा करू नका. नळीत तेल घालू नका. ते दाबाने पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, आणि सील जळतं. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवा, शिसं आहे ते. तोंडात धरायची सवय असेल तर आजच मोडा.

एक सूचना मी प्रत्येकाला दोनदा देतो. ब्रेक बॅरल भरताना नळी एका हाताने घट्ट धरून ठेवा, छर्रा बसवून नळी बंद होईपर्यंत. चाप चुकून सुटला तर नळी सापळ्यासारखी वर उसळते आणि मधली बोटं चिरडते.

अंगणात टारगेट लावणार असाल तर मागे विटांची भिंत पुरेशी नाही, छर्रा उलटून येतो. लाकडी खोक्यात जुन्या साड्या आणि चिंध्या घट्ट कोंबा, मागे जाड प्लायवूड लावा, समोर कागद. खोक्याच्या मागे आणि बाजूला कोणी फिरत नाही ना, शेजाऱ्यांची खिडकी नाही ना, बघा. सुटलेला छर्रा तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. चष्मा घाला, बघणाऱ्यालाही. बंदूक नेताना आवरणात, रिकामी. जत्रेतल्या फुग्यांच्या बंदुकीसारखी ती कुणाच्या हाती देऊ नका.

खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असतो तर पंधरा हजार लगेच खर्चले नसते. आधी जवळच्या नेमबाजीच्या रेंजवर दोन महिने जाऊन क्लबची रायफल वापरली असती. पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरात दुधाळी, मुंबईत वरळी अशी ठिकाणं आहेत. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. कोल्हापूरच्या राधानगरीतला स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेऊन आला. स्पर्धेची रायफल वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊ कंपनीची, दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते, पण ती क्लबमध्ये सुरुवातीला विकत घ्यावी लागत नाही. स्पर्धेत एका बैठकीत साठ शॉट मारायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त १०.९ गुण. स्कोअर रोज वहीत लिहायला लागलात की कळतं, कुठली बंदूक घ्यायची आणि घ्यायची का.

घ्यायचीच ठरली तर दुकानात जाताना छर्ऱ्यांचा छोटा डबा, एक टारगेट पेपर आणि दहा मीटरची दोरी न्या. दुकानदाराकडे जागा असेल तर तिथेच मारून बघा. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप दाखवायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.