आधी ट्रान्सड्यूसर बघ, मग पडदा

भावा, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेतोयस ना? पडदा सात इंची की नऊ इंची, हा हिशोब नंतर. आधी ट्रान्सड्यूसर बघ, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडणारा भाग. तुझी होडी २० वावांच्या (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोलीच्या आतच फिरणार, तिथे २०० किलोहर्ट्झच्या लहरी झकास: झोत अरुंद, पण तळालगतचा मासा तळापासून सुटा दिसतो. ५० किलोहर्ट्झ खोल पाण्याचं काम, उगाच पैसे घालू नकोस. ट्रान्सड्यूसर बसवताना होडीच्या पंख्यापासून लांब, फेस येत नाही अशा जागी. बुडबुडे आले की पडद्यावर नुसता कचरा. बॅटरीपासून वेगळी वायर, तिला स्वतःचा फ्यूज. जीपीएस त्याच यंत्रात असलेला घे. जाळं खडपात अडकलं की सोडवायच्या आधी तिथे खूण मार. जुन्या तांडेलांना (होडीच्या म्होरक्यांना) विचारून त्यांच्या जागाही भर, सांगितल्या तर! आणि हो, पडदा दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघ.