मोर्स की सोडल्यावर जुन्या ट्रान्समीटरचं हाय व्होल्टेज ९४० पर्यंत का चढतं?

तुमच्या व्हॉल्व्ह ट्रान्समीटरमध्ये मोर्स की दाबली की प्लेट सप्लाय (व्हॉल्व्हच्या प्लेटला जाणारं हाय व्होल्टेज डीसी) ५९० व्होल्ट दाखवतो आणि सोडली की ९४०. ट्रान्सफॉर्मर ७००-०-७०० चा (मधल्या टोकापासून दोन्हीकडे ७०० व्होल्ट), फिल्टर चोक-इनपुट, म्हणजे रेक्टिफायरनंतर आधी चोक कॉइल, पुढे ४५० व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सिरीजमध्ये. सेट बंद केल्यावरही काटा बराच वेळ खाली येत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरी मेख तिथेच आहे. ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे सप्लायवर कायम जोडलेला आणि सेट बंद झाल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर, ओपन झाला (आतून तुटला) असणार.

चोक-इनपुट फिल्टर साधारण आरएमएसच्या (ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेल्या एसी व्होल्टेजच्या) ०.९ पट डीसी देतो, म्हणजे तुमच्याकडे ६३०. रेक्टिफायर आणि चोकमधली घट धरली तर दाबलेल्या कीचे ५९० अगदी रास्त आहेत, त्यामुळे चोकवर संशय घेऊ नका. पण हे गणित चोकमधून सतत थोडा तरी करंट वाहत असेल तेवढंच खरं. तो थांबला की कपॅसिटर थेट पीकपर्यंत भरतो, ७०० गुणिले १.४१, म्हणजे ९९०. की सोडल्यावर फायनल व्हॉल्व्ह काही ओढत नाही. तेव्हा चोकला जागं ठेवायचं काम एकट्या ब्लीडरचं.

किती करंट लागतो? व्होल्टला चोकच्या हेन्रीने (इंडक्टन्सने) भागा, उत्तर मिलिअँपमध्ये. हलक्या लोडवर २५ हेन्री देणारा स्विंगिंग चोक असेल तर २५ मिलिअँप, म्हणजे २५ किलोओहम. हा ठोकताळा ६० हर्ट्झच्या मेन्सचा. ५० हर्ट्झला २० टक्के जास्त करंट धरा आणि २० किलोओहम लावा. त्यात सुमारे २० वॉट जळतात, म्हणून ५० वॉटचा वायरवाउंड घ्या आणि कपॅसिटरपासून लांब, मोकळ्या हवेत बसवा. चोक साधा १० हेन्रीचा निघाला तर एवढ्याने भागणार नाही, ब्लीडर बराच जड, म्हणजे कमी ओहमचा आणि जास्त करंट ओढणारा लागेल.

तोवर सेट चालू करू नका. दोन्ही कपॅसिटर मिळून ९०० व्होल्टचे आहेत आणि तुम्ही त्यांना ९४० देताय.

आता हात घालण्याबद्दल. प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवा. कोरड्या इन्सुलेटेड दांडीच्या टोकाला १ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावा, त्याची वायर आधी चॅसिसला घट्ट चिमटा आणि मगच टोक कपॅसिटरला टेकवा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे बहाद्दर भेटतील. त्यांचं ऐकू नका. सिरीजमधल्या जोडीत एक फसवी गोष्ट असते: दोघांवर व्होल्टेज सारखं वाटलेलं नसेल तर बाहेरची दोन टोकं शॉर्ट केल्यावरही प्रत्येकावर उलटसुलट चार्ज शिल्लक राहतो. म्हणून प्रत्येक कपॅसिटरची दोन टोकं रेझिस्टरमधून स्वतंत्रपणे डिस्चार्ज करा. नंतर त्यांच्या टोकांवर शॉर्टची वायर लावा आणि काम संपेपर्यंत तशीच राहू द्या, कारण रिकामा केलेला कपॅसिटरही थोडं व्होल्टेज परत मिळवतो. ब्लीडर मोजताना मात्र त्याचं एक टोक सोडवा, नाहीतर मीटर त्या वायरचा शॉर्टच मोजेल.

चालू सेटमध्ये प्रोब हातात धरून मोजू नका. मीटर आणि लीड दोन्ही १००० व्होल्टचे आहेत ना ते पाहा, सेट बंद असताना क्लिप लावा, मग चालू करा. कॅथोड-कीइंग (की व्हॉल्व्हच्या कॅथोडच्या वाटेत) असेल तर उघड्या कीच्या स्क्रूवरही चांगलंच व्होल्टेज असतं.

ब्लीडर बदलताना प्रत्येक कपॅसिटरवर १०० किलोओहम, ५ वॉटचा एकेक इक्वलायझिंग (व्होल्टेज सारखं वाटणारा) रेझिस्टर टाका. रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी सिलिकॉन डायोड लावायचा मोह तूर्त आवरा: घट कमी झाल्याने व्होल्टेज आणखी चढेल आणि हीटर तापायच्या आधीच प्लेटवर येईल.

नव्या ब्लीडरने की सोडल्यावर ६३० च्या आसपास दिसायला हवं. ७०० च्या वरच राहिलं तर चोकवर छापलेले हेन्री कळवा, ब्लीडरची किंमत त्यावरून काढू.