पुस्तकामागे पैसे दिल्याने मुलाची वाचनाची गोडी जाते का? आता ते बंद करावेत का?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: मुलगा नऊ वर्षांचा, आधी आपणहून गोष्टी वाचायचा. गोडी वाढावी म्हणून तुम्ही पुस्तकामागे २० रुपये लावले, महिनाभर धडाधड पुस्तकं संपली, आणि आता ‘किती देणार?’ हे ठरल्याशिवाय तो पुस्तकाला हात लावत नाही.

पैशांमुळे असं होऊ शकतं. यात ‘आधी आपणहून वाचायचा’ हे सगळ्यात महत्त्वाचं.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत नेमकं हेच तपासलं. स्केचपेननी चित्रं काढायला मुळातच आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी तेच दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवून दिले आणि मोकळ्या वेळात कोण किती वेळ चित्रं काढतंय ते मोजलं. काहीच न मिळालेल्या मुलांनी सुमारे १७ टक्के वेळ चित्रं काढली, अचानक बक्षीस मिळालेल्यांनी १८, आणि कबूल करून बक्षीस दिलेल्यांनी जेमतेम ९ टक्के. शिवाय बक्षिसासाठी काढलेली चित्रंही इतरांपेक्षा डावी ठरली. कागदाचा तुकडा दोन्ही गटांना सारखाच मिळाला होता; फरक तो आधी कबूल केला होता की नाही, एवढाच.

मूलही आपण अमुक का करतो याचं कारण लावत असतं. समोर ढळढळीत कारण दिसलं, म्हणजे ‘२० रुपयांसाठी’, की ‘मला आवडतं म्हणून’ हे कारण मागे पडतं. त्यात व्यवहारही शिरतो: दर पुस्तकामागे असेल तर पातळ पुस्तकं निवडायची, वर्णनाची पानं गाळायची. यात लबाडी नाही, दर ठरवतानाच चूक झालेली असते.

सगळे मानसशास्त्रज्ञ यावर एकमताचे नाहीत. वर्तनवाद्यांच्या, म्हणजे माणसाचं वागणं बक्षीस-शिक्षेतून घडतं असं मानणाऱ्यांच्या, मते हा परिणाम मर्यादित आहे. पण १९९९ साली एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. आवडीच्या कामावर आधी कबूल केलेली वस्तू किंवा पैसे लावले तर गोडी घटते, अनपेक्षित बक्षिसाने घटत नाही, आणि मुळातच कंटाळवाण्या कामात गमवायला काही नसतंच. म्हणून पाढे, शुद्धलेखन, दप्तर भरणं यांना छोटं बक्षीस लावायला माझी हरकत नाही. फक्त ते लगेच द्या आणि मुलाच्या हातात असलेल्या गोष्टीवर द्या: ‘दहा मिनिटं बसलास’ यावर, ‘नव्वद टक्के पडले’ यावर नाही. सवय लागली की रोजचं एक दिवसाआड करत सोडवा.

आता पैसे बंद कसे करायचे? रागाच्या भरात नको. ती शिक्षा वाटते. आधीचा हिशेब चुकता करा. मग सरळ सांगा, ‘पैशाची कल्पना आमची होती, ती आता बंद. वाचायचं की नाही हे तू ठरव.’ सुरुवातीला घासाघीस वाढेल, ‘दहा तरी द्या’ येईल, काही आठवडे वाचन जवळजवळ थांबेलही. इथेच बहुतेक आईबाप कच खातात. एकदा जरी ‘बरं, घे’ म्हणालात तर चिकाटीने मागितलं की मिळतं, एवढंच तो शिकेल.

पैशांच्या जागी मोबाइल आणू नका. ‘वीस पानं वाच, मग अर्धा तास मोबाइल’ म्हटलं की वाचन म्हणजे भरायची किंमत आणि मोबाइल म्हणजे माल. लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९८२च्या प्रयोगात मुलांना दोन चित्रकामं सारखीच आवडत होती. त्यातलं एक दुसऱ्यासाठीची अट केल्यावर अट झालेल्या कामातली गोडी उतरली.

त्याऐवजी निवड त्याच्याकडे द्या. कॉमिक्स चालेल, क्रिकेटची माहिती चालेल, अर्ध्यावर सोडलेलं पुस्तकही चालेल. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा. रात्री पंधरा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आलं की थांबा. संपल्यावर ‘काय शिकलास?’ ही तोंडी परीक्षा घेऊ नका. कौतुक करताना ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘चोर कोण ते तू आधीच ओळखलंस, कशावरून?’ विचारा. आजोबा कौतुकाने दहाची नोट काढत असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर दुकान दुसऱ्या खोलीत सुरू होईल.

आणि दोनेक महिन्यांनीही तो पुस्तक टाळत असेल, तर एक पान मोठ्याने वाचून घ्या. ओळी गाळतोय, अक्षर अक्षर लावतोय, डोळे चोळतोय असं दिसलं तर प्रश्न प्रेरणेचा नसेल; आधी डोळे तपासून घ्या आणि वर्गशिक्षकांशी बोला.