मदत मागण्याआधी एरर पूर्ण वाच
नुसतं ‘कोड चालत नाहीये’ लिहिलंस तर कुणालाच मदत करता येत नाही. आधी एरर शेवटपर्यंत वाच. पायथनमध्ये नेमकी एरर ट्रेसबॅकच्या, म्हणजे कोड कुठे अडला ते दाखवणाऱ्या मजकुराच्या, शेवटच्या ओळीत असते. जावात मात्र सगळ्यात खालची ‘कॉज्ड बाय’ (Caused by, म्हणजे मूळ कारण सांगणारी) ओळ शोधावी लागते. तो मजकूर जसाच्या तसा कॉपी करून दे. स्क्रीनशॉट नको, त्यातला कोड कुणाला चालवून बघता येत नाही.

मग रिकाम्या फोल्डरमध्ये तोच बिघाड कमीत कमी ओळींत घडवून आण. काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. एकेक भाग काढत गेलास की बरेचदा दोष तुझा तुलाच सापडतो. काल चालत होतं आणि आज बंद पडलं, असं असेल तर गिट बायसेक्ट वापर. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, आणि त्याची ही कमांड दर चाचणीला निम्मे बदल बाद करत दोषी बदल शोधते. १००० कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) नेमका कुठे घोळ झाला ते साधारण १० चाचण्यांत कळतं.

ऑपरेटिंग सिस्टिम आणि लायब्ररीची आवृत्ती लिही. तुला मुळात काय साधायचंय तेही सांग, कदाचित सोपा रस्ता वेगळाच असेल.

पासवर्ड आणि एपीआय की (एखादी सेवा कोडमधून वापरण्यासाठीची गुप्त किल्ली) आधी काढून टाक. चुकून गेलीच, तर मजकूर पुसून भागत नाही; ती की लगेच रद्द करून नवी घे.