नाचता नाचता क्रमवारी

प्रश्न : ८-९ वर्षांच्या मुलांना संगणक आकडे क्रमाने कसे लावतो, ते नाचातून शिकवतो. प्रत्येकाच्या हातात एका आकड्याचं कार्ड असतं. पण मुलं आपली जागा ओळखून थेट तिथे पळतात. काय करावं?

उत्तर : मुलांना सगळे आकडे दिसतात, तिथेच गडबड आहे. ‘बबल सॉर्ट’ नावाच्या या रीतीत संगणक एका वेळी दोनच आकडे ताडून पाहतो. म्हणून कार्डं छातीशी उलटी धरायला लावा. ६ मुलं ओळीत. पहिली जोडी ४ ठेक्यांत एकमेकांना कार्ड दाखवेल. डावीकडचा आकडा मोठा असेल तर पुढच्या ४ ठेक्यांत गिरकी घेऊन जागा बदलायची, नाहीतर जागच्या जागी टाळ्या. मग दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरची जोडी. इथे हमखास घोळ होतो, कारण जोडी जागांची असते, मुलांची नव्हे. जमिनीवर खडूने ६ चौकोन आखून त्यांना क्रमांक द्या.

५ तुलना झाल्या की सर्वांत मोठा आकडा उजव्या टोकाला पोचतो. त्या मुलाने खाली बसायचं. पुढच्या फेरीत ४ तुलना, मग ३. एकूण फार तर १५, म्हणजे १२० ठेके. एखाद्या फेरीत कुणीच जागा बदलली नाही, तर नाच तिथेच संपवता येतो. हे मात्र मुलांनाच शोधू द्या, सांगून टाकलं तर मजा जाते!