तुमचे प्रश्न : टेलिस्ट्रोक घेतलं, तरी उशीर का?

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर आमचं छोटं रुग्णालय आहे. सीटी स्कॅन आहे, पूर्णवेळ न्यूरॉलॉजिस्ट नाही. म्हणून टेलिस्ट्रोक सॉफ्टवेअर, म्हणजे पक्षाघाताच्या (स्ट्रोक) रुग्णासाठी दूरच्या न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला मिळवून देणारं, घेतलं. तरीही गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला दीड-दोन तास लागतात. कुठे अडतं? – एक डॉक्टर, ठाणे

उत्तर : बहुधा कॉल लावण्यातच. आधी सीटी, मग रिपोर्ट टाइप, मग न्यूरॉलॉजिस्टला फोन, असा क्रम असेल तर तो मोडा. रुग्ण दारात येताच, 108 वाल्यांनी आधी कळवलं असेल तर त्याही आधी, केस उघडून अलर्ट पाठवा. सीटी होईपर्यंत रक्तदाब, साखर, वजन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ, एवढं भरलेलं असावं. इंजेक्शन देण्याची साडेचार तासांची मुदत त्या वेळेपासून मोजायची. पहाटे उठल्यावर हात लुळा दिसला, तर रात्री झोपला ती वेळ धरतात. नातेवाईक ‘आत्ताच झालं’ म्हणतात, खोदून विचारा.

दुसरी अडचण चित्रांची. मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. सुरुवातीच्या इस्केमियाचा (रक्तपुरवठा तुटल्याचा) फिकटपणा विंडो, म्हणजे चित्राचा उजेड-गडदपणा, बदलून पाहावा लागतो आणि फोटोत ते जमत नाही. स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, म्हणजे डायकॉमच हवी. मात्र पातळ स्लाइसची (कापांची) मालिका शंभर एमबीच्या पुढे जाते, 5 मिमी जाडीच्या स्लाइसची पंधरा-वीस एमबीत बसते. सीटी मशीनच्या कन्सोलवर 5 मिमीची मालिका आधी, आपोआप जाईल असं सेटिंग करून घ्या. सीटीच्या खोलीच्या शिसं घातलेल्या भिंतींत वायफाय दम तोडतं, तेव्हा तिथे केबल ओढा आणि दुसऱ्या कंपनीचं सिमही ठेवा. कन्सोल आणि सॉफ्टवेअरची घड्याळं जुळलेली नसतील तर तुमच्या नोंदींतून उशीर कुठे झाला ते सापडणारच नाही.

गुठळी विरघळवणारं औषध अल्टेप्लेज असेल तर दर किलोला 0.9 मिलिग्रॅम, कमाल 90. दहावा हिस्सा एका मिनिटात, उरलेला तासाभरात पंपाने. 62 किलोला 55.8, म्हणजे आधी 5.6 आणि मग 50.2. वजन अंदाजाने टाकलं की हे सगळं गणित चुकतं. रक्तदाब 185/110 च्या खाली आल्याशिवाय सुई नको. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं घेणारा रुग्ण सोडला तर बाकी रक्ताच्या रिपोर्टसाठी सहसा थांबू नये, साखर मात्र बघायचीच. दारापासून सुईपर्यंत 60 मिनिटं ही वरची मर्यादा समजा.

त्याच बैठकीत सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करा. मोठी रक्तवाहिनी बंद दिसली तर पंप चालू ठेवूनच रुग्णाला थ्रॉम्बेक्टॉमीच्या (नळी घालून गुठळी काढण्याच्या) केंद्राकडे हलवा. संध्याकाळी माजिवड्याला वाहतुकीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. अँब्युलन्स आधीच उभी करून ठेवा.

प्रश्न : घरी कुणाचं तोंड वाकडं झालं, तर आधी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करावा का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळत नाही आणि दोन्हींचे उपचार उलटे आहेत. 108 ला फोन करा, सीटी असलेल्या रुग्णालयातच न्या. ॲस्पिरिन, पाणी, काही तोंडात घालू नका. औषधांची पिशवी मात्र बरोबर घ्या.