स्पेनमधल्या कोर्दोबात एकच दिवस आहे. शाकाहारी माणसाला स्थानिक काही मिळतं, की डबाच न्यावा?

डबा नेऊ नका. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

जूनमध्ये आम्ही चौघं गेलो होतो. मी, नवरा, ताई आणि भाऊजी. भाऊजींच्या सॅकमध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या, चार दिवसांपूर्वी पुण्यात तळलेल्या. मेस्कीतातून, म्हणजे तिथल्या जुन्या मशिदीतून, बाहेर पडलो तेव्हा दोन वाजलेले. 856 खांब, लाल-पांढऱ्या कमानी आणि 1236 नंतर मशिदीचं कॅथेड्रल झालेलं, हे सगळं मान वर करकरून बघून पोटात कावळे ओरडत होते. समोरच जुनी यहुदी वस्ती, गल्लोगल्ली खडूनं लिहिलेले मेनूचे फळे. पण भाऊजी म्हणाले, "इथलं आपल्याला चालायचं नाही. एक इंडियन दिसतंय फोनवर, वीस मिनिटांवर."

त्या उन्हात तिथवर गेलो, तर ते बंद. परत येईतो साडेचार. तिथली स्वयंपाकघरं चारच्या सुमाराला बंद होतात ती रात्री साडेआठ-नऊलाच उघडतात. मग रोमन पुलाजवळ सावली शोधून पुऱ्या खाल्ल्या. वास यायला लागला होता. ताई एक अक्षर बोलली नाही.

रात्री मी कुणाला विचारलंच नाही, सरळ मागवलं. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटलेलं, थंडगार आणि पिठल्याइतकं दाट. दुसरं बेरेनखेनास कोन मिएल, म्हणजे पिठात घोळवून तळलेले वांग्याचे काप, वर काळसर धार. 'मिएल' म्हणजे मध, पण भाऊजींनी बोट लावून चाटलं आणि म्हणाले, "अगं, ही तर काकवी!" काकवीच होती. उसाचीच.

परदेशात रोज वरणभातच हवा असेल तर घरी बसून व्हिडिओ बघावेत, स्वस्त पडतं. आणि 'आपलं' म्हणजे तरी काय? बटाटा, टोमॅटो, मिरची हे सगळं अमेरिकेतून स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांनी बाहेर आणलं. भाऊजींचा उपासाचा बटाटासुद्धा त्यातलाच, पण हे त्यांना गेली दोन वर्षं पटत नाहीये.

हो, एक राहिलं. साल्मोरेखोवर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे पेरलेले असतात. मागवतानाच "सिन हामोन, सिन ह्वेवो" म्हणा. नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर हॅम येऊ शकतो, बरेच जण त्याला मांसात धरतच नाहीत. तळणीचं तेल वेगळं असेलच असंही नाही. अंडं चालत असेल तर बटाट्याची जाडजूड तोर्तिया, म्हणजे आमलेट, कुठेही मिळते. जैन असाल तर मात्र डबा न्याच, लसणातून सुटका नाही.

भाऊजी अजून लग्नाकार्यात सांगत असतात, "स्पेनमध्ये खाण्याचे फार हाल झाले." वांग्याच्या तीन प्लेटांचं बिल मी जपून ठेवलंय. त्यातल्या दोन त्यांच्या.